घरातील वडील कुत्रा आणि नवे पिल्लू

ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला, तर वाण नाही पण गुण लागतो, अशी मराठीत म्हण आहे. ही म्हण बैलांविषयीची असली, तरी तिचा प्रत्यय कुत्र्यांच्या बाबतीत अधिकच ठळकपणे येतो. दिल्ली, नोएडा, गाझियाबाद, फरीदाबाद, गुरुग्राम या शहरांतील ज्या घरी एक कुत्रा पूर्वीपासून आहे, तेथे तो सात-आठ वर्षांचा झाला आणि त्याच्या तोंडाभोवतीचे केस पांढरे होऊ लागले, म्हणजे दुसरे पिल्लू आणण्याचा विचार सुरू होतो. पुष्कळदा असा विचार होण्यापूर्वीच, थंडीच्या दिवसांत गल्लीतील कुत्रीला झालेले एखादे पिल्लू मुले उचलून घरी आणतात. दोन्ही प्रसंगी घरातील माणसांची समजूत एकच असते : थोरला आहेच, धाकट्याला तो सारे शिकवील.

ही समजूत अर्धी खरी आहे. थोरला कुत्रा शिकवतो, यात संशय नाही. परंतु तो स्वतःला ठाऊक असेल तेच शिकवतो, आणि त्यातील चांगले कोणते व वाईट कोणते, याची निवड तो करीत नाही. माणसाचे बोलणे कसे ओळखावे आणि माणसांच्या घरात कसे वागावे, याचा पाठ तर माणसालाच द्यावा लागतो. एका पिल्लाचे हे दोन शिक्षक आहेत आणि दोघांची कामे वेगळी आहेत. हे ज्या घरात ओळखले जाते, तेथे दोन्ही कुत्री सुखाने नांदतात. जेथे ते ओळखले जात नाही, तेथे पुष्कळदा वर्षभराच्या आत दोहोंपैकी एकावर घराबाहेर जाण्याची पाळी येते.

पाहून शिकणे

एक प्राणी दुसऱ्याचे पाहून शिकतो की नाही, याविषयी शास्त्रज्ञांचे मत एकदा पूर्ण नकारार्थी होते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी मांजरे, कुत्री व कोंबडीची पिल्ले यांवर केलेले प्रयोग १८९८ साली प्रसिद्ध केले. खिट्टी उघडून पेटीबाहेर पडण्यास शिकलेला प्राणी दुसऱ्याला दाखविला, तरी त्या दुसऱ्याचे काम त्यामुळे सोपे होत नाही, असे त्यांना आढळले. प्राणी शिकतो तो स्वतः धडपडून, चुकून आणि यशाचे फळ चाखून, असा निष्कर्ष त्यांनी काढला. या निष्कर्षाचा प्रभाव पुढे अनेक वर्षे टिकला.

पुढील संशोधनाने त्यात दुरुस्ती केली. १९७७ साली अॅडलर दांपत्याने डॅक्सहुंड जातीच्या पिल्लांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. फीत ओढली असता खाद्याची छोटी गाडी जवळ येते, ही युक्ती एका पिल्लाने शोधून काढावयाची आणि शेजारच्या भावंडाने ती जाळीतून पाहावयाची, अशी योजना होती. पाहणाऱ्या पिल्लांना तीच युक्ती स्वतः शोधणाऱ्यापेक्षा पुष्कळच लवकर साधली. १९९७ साली दक्षिण आफ्रिकेतील स्लॅबर्ट व रासा या संशोधकांनी पोलिसांच्या कुत्र्यांवरील निरीक्षणे प्रसिद्ध केली. ज्या पिल्लांनी सहा ते बारा आठवड्यांच्या वयात आपल्या आईला अंमली पदार्थ हुंगून शोधताना पाहिले होते, ती सहा महिन्यांची झाल्यावर त्याच कामात इतरांहून सरस ठरली. पुढे २०१८ साली क्लाउडिया फुगात्सा आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे दिसून आले की, आठ आठवड्यांची पिल्लेसुद्धा पेटी उघडण्याची युक्ती दुसऱ्या कुत्र्याकडून शिकतात व माणसाकडूनही शिकतात. याहून लक्षणीय गोष्ट अशी की, स्वतःच्या आईपेक्षा अनोळखी कुत्र्याच्या प्रात्यक्षिकाचा त्यांना अधिक उपयोग झाला. परक्याकडे ती बहुधा अधिक निरखून पाहत असावीत.

याचा अर्थ असा की, नव्या घरातील अपरिचित थोरला कुत्रा हा पिल्लाच्या दृष्टीने अत्यंत पाहण्याजोगा प्राणी होय. तो कोठे बसतो, कशावर भुंकतो, कोणाजवळ शेपूट हलवीत जातो आणि कशाला भिऊन कोचाखाली शिरतो, हे सारे पिल्लू टिपत असते.

गल्लीतील एकत्र कुटुंब

कुत्र्यांमध्ये थोरांनी धाकट्यांचे संगोपन करण्याची प्रवृत्ती मुळातच आहे. कोलकाता येथील भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत अनिंदिता भद्रा आणि त्यांचे सहकारी यांनी भारतातील रस्त्यांवर स्वतंत्रपणे राहणाऱ्या कुत्र्यांचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे. पिल्लांची काळजी केवळ आईच घेते असे नाही. गटातील इतर प्रौढ माद्या आणि काही वेळा नरही त्यांच्याशी खेळतात, त्यांची राखण करतात, असे त्यांना आढळले. एकत्र कुटुंबात आजी, मावशी व काका यांच्या देखरेखीत मूल वाढावे, तसाच हा प्रकार आहे.

परंतु या कुटुंबाचे जीवन खडतर असते. याच संशोधकांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ९५ वेतांतील ३६४ पिल्लांची नोंद ठेवली होती. त्यांपैकी सुमारे १९ टक्केच पिल्ले सात महिन्यांच्या वयापर्यंत, म्हणजे प्रजननक्षम होईपर्यंत जगली. आणि झालेल्या मृत्यूंपैकी सुमारे ६३ टक्के मृत्यूंना प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे माणूस कारणीभूत होता. रस्त्यावरील पिल्लू घरात घेणे हे म्हणूनच केवळ हौसेचे काम नव्हे. त्याला जगण्याची संधी दिली जात असते. ही संधी अर्धवट सोडून देण्याजोगी नसते.

संधीचा अल्प काळ

अमेरिकेतील मेन राज्यात बार हार्बर येथे जॉन पॉल स्कॉट व जॉन फुलर यांनी अनेक वर्षे कुत्र्यांच्या वाढीचा अभ्यास केला आणि १९६५ साली तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. पिल्लाच्या आयुष्यात साधारणतः तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ असा असतो की, त्या वेळी ज्यांचा सहवास घडेल त्यांना ते आपले मानू लागते. त्याच ठिकाणी फ्रीडमन, किंग व एलियट यांनी केलेल्या आणि १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात काही पिल्ले कुंपण घातलेल्या मैदानात आईजवळ, पण माणसाच्या सहवासावाचून वाढविण्यात आली. ज्या पिल्लांना चौदा आठवड्यांपर्यंत माणसाचा हात लागला नाही, ती पुढे माणसापासून रानटी प्राण्यांप्रमाणे दूर पळू लागली.

ज्या घरात थोरला कुत्रा आहे, तेथे या शोधाला विशेष महत्त्व आहे. घरातील माणसे दिवसभर कामावर आणि पिल्लू सर्व वेळ थोरल्याच्या सहवासात, असे झाले तर त्याचा जिव्हाळा प्रामुख्याने कुत्र्याशी जुळतो. हाक मारली तर ते माणसाकडे न पाहता थोरल्याकडे पाहते. तो उठला तर उठते, तो न उठला तर जागेवरून हलत नाही. थोरला पशुवैद्याकडे गेला, तर घरी राहिलेले पिल्लू केविलवाणे विव्हळत राहते. पुढे थोरल्याचे आयुष्य संपते, तेव्हा तर ते पूर्णपणे निराधार होते.

दिल्लीत या काळाला दुसरीही एक अडचण आहे. पिल्लांच्या आतड्यांवर हल्ला करणारा पार्व्हो हा विषाणू जमिनीत अनेक महिने तग धरून राहतो, आणि डिस्टेंपर हा रोगही पिल्लांना घातक असतो. लसी सहाव्या ते आठव्या आठवड्यात सुरू होऊन साधारणतः सोळाव्या आठवड्यापर्यंत ठराविक अंतराने द्याव्या लागतात. रेबीजची लस सामान्यतः तीन महिन्यांच्या सुमारास देतात. लसी पूर्ण होईपर्यंत पिल्लाला उद्यानात किंवा रस्त्यावर सोडणे धोक्याचे; आणि त्याला कोंडून ठेवावे, तर जगाशी ओळख करून घेण्याचा मोलाचा काळ वाया जातो. यातून मार्ग असा की, पिल्लाला कडेवर घेऊन बाहेर न्यावे. रिक्षाचा आवाज, भाजीवाल्याची आरोळी, लिफ्टचे उघडझाप करणारे दार, शिरस्त्राण घातलेला टपालवाला, काठी टेकीत चालणारे वृद्ध, हे सारे त्याने सुरक्षित उंचीवरून पाहावे. घरात लस घेतलेला निरोगी थोरला कुत्रा असेल, तर या काळात पिल्लाला स्वजातीचा निर्धोक सहवासही मिळतो.

पहिली भेट

रस्त्यावरून आणलेल्या पिल्लाच्या अंगात रोग दडलेला असू शकतो. तो प्रकट होण्यास काही दिवस लागतात. म्हणून पशुवैद्याकडून तपासणी करून, जंतांचे औषध देऊन आणि गोचीड-पिसवा काढून त्याला सुमारे दोन आठवडे निराळ्या खोलीत ठेवणे हितकारक असते. थोरल्याच्या लसी वेळेवर झाल्या आहेत की नाहीत, हेही याच वेळी पाहावे.

हे दोन आठवडे फुकट जात नाहीत. कुत्र्याची पहिली ओळख नाकाने होते. पिल्लाने अंगाखाली घेतलेले फडके थोरल्याजवळ ठेवावे आणि थोरल्याचे पिल्लाजवळ. मात्र पिल्लू निरोगी असल्याची पशुवैद्याने खात्री दिल्यावरच ही अदलाबदल करावी. दोघांना फडक्याजवळच आवडता खाऊ दिला, म्हणजे अनोळखी वासाचा संबंध सुखद गोष्टीशी जोडला जातो. रशियन शास्त्रज्ञ इव्हान पाव्हलॉव्ह यांनी दाखवून दिलेल्या सांकेतिक प्रतिक्षेपाचेच हे घरगुती रूप होय.

प्रत्यक्ष भेटीसाठी थोरल्याच्या मालकीची न वाटणारी जागा निवडावी. त्याचे अंथरूण, जेवणाची वाटी आणि रोजचा कोपरा तेथे नसावा. पिल्लाच्या लसी व्हावयाच्या असल्याने रस्ता योग्य नव्हे. इमारतीची स्वच्छ गच्ची किंवा परिचितांचे अंगण सोयीचे ठरते. दोघांचे पट्टे दोन माणसांच्या हाती, पण सैल असावेत. ताणलेला पट्टा कुत्र्याला ताठ उभे करतो, आणि ताठ उभा असलेला कुत्रा समोरच्याला धमकी देत असल्यासारखा दिसतो. भेट पाच मिनिटांची पुरे. ती दिवसातून दोन-तीनदा घडवावी आणि गोडीत असतानाच संपवावी.

कुत्र्याच्या अंगस्थितीवरून त्याचा मनोभाव वाचता येतो, याचे सविस्तर वर्णन चार्ल्स डार्विन यांनी १८७२ सालीच केले होते. पुढचे पाय जमिनीला टेकवून पाठचा भाग उंच केला, तर ते खेळाचे आमंत्रण असते. तोंड बाजूला वळविणे, वारंवार ओठ चाटणे, अंग ताठ करून स्तब्ध होणे, ओठ वर करून दात दाखविणे आणि शेवटी गुरगुरणे, या मात्र ‘पुरे झाले’ असे सांगण्याच्या चढत्या पायऱ्या होत.

येथे एक चूक फार घरांतून होते. थोरला गुरगुरला की त्याला दटावले जाते किंवा मारले जाते. गुरगुरणे हा गुन्हा नसून सूचना आहे. शिक्षेच्या भयाने कुत्रा सूचना देणे थांबवितो, पण त्याचा त्रास थांबत नाही. आणि मग एके दिवशी तो कोणतीही सूचना न देता चावतो. गुरगुर ऐकताच पिल्लाला शांतपणे दूर न्यावे, हाच योग्य उपाय. थोरला धोक्याच्या मर्यादेत राहून पिल्लाला धाक दाखवितो, तेव्हा पिल्लू एक मोलाचा धडा शिकत असते. त्याचे २८ दुधाचे दात सुईसारखे टोकदार असतात. खेळताना दात किती लावावा, याचे भान त्याला भावंडांत आणि थोरांत राहूनच येते. पिल्लाला आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडू नये, असे सांगतात, त्याचे एक कारण हेही आहे.

आधी एकेकटे, मग एकत्र

शिकविण्याच्या बाबतीत मुख्य नियम असा : प्रत्येक नवा पाठ पिल्लाला एकट्याने द्यावा, तो पक्का झाल्यावर थोरल्याच्या समवेत त्याची उजळणी करावी.

दिल्लीपासून जवळच मीरत येथे भारतीय सेनेच्या अश्व व पशुवैद्यक दलाचे केंद्र आहे. सैन्यासाठी कुत्रे शिकविण्याची शाळा तेथे १९६० साली सुरू झाली. पूर्वी मराठी घोरपडे घराण्याचे संस्थान असलेल्या मुधोळ येथील प्रसिद्ध शिकारी जातीची पिल्लेही २०१६ साली येथे शिक्षणासाठी आणण्यात आली होती. अशा ठिकाणी अनेक कुत्री एकत्र राहत असली, तरी प्रत्येक कुत्र्याचे शिक्षण त्याच्या ठराविक शिक्षकाबरोबर चालते आणि त्या दोघांतील विश्वास हाच सर्व शिक्षणाचा पाया मानला जातो. घरातही पिल्लाच्या शिक्षणाची मुख्य जबाबदारी एका माणसाने घ्यावी.

पाठ तीन ते पाच मिनिटांचा असावा आणि दिवसातून चार-पाच वेळा घ्यावा. त्या वेळी थोरल्याला दुसऱ्या खोलीत चघळण्यास काही द्यावे किंवा घरातील दुसऱ्या कोणी त्याला फिरावयास न्यावे. पहिला पाठ नावाचा. दोघांची नावे कानाला वेगळी वाटावीत. मोती आणि ज्योती अशी नावे ठेवली, तर एकाला हाक मारताच दोघेही येतील. दुसरा पाठ बोलावताच येण्याचा, तिसरा बसण्याचा आणि चौथा पट्ट्याने चालण्याचा. योग्य कृती घडताच लगेच, एक-दोन क्षणांतच, खाऊचा लहानसा तुकडा व शाबासकी द्यावी. बक्षीस उशिरा दिले, तर मधल्या वेळात पिल्लाने जे काही केले असेल, त्याचेच बक्षीस मिळाले असा त्याचा समज होतो. शिक्षेने मात्र काय करू नये याचा धाक बसला, तरी काय करावे हे कळत नाही.

आज्ञेचा शब्द सर्वांनी एकच वापरावा. दिल्लीतील मराठी घरात आजोबा ‘बस’ म्हणतात, नातू ‘सिट’ म्हणतो आणि घरकामाची बाई ‘बैठ’ म्हणते. त्यातून हिंदी बोलण्यात ‘बस’ हा शब्द ‘पुरे’ या अर्थानेही घटकोघटकी कानी पडतो. अशा गोंधळात पिल्लाने शिकावे तरी काय ? घरातील सर्वांनी मिळून शब्द ठरवावेत व ते स्वयंपाकघराच्या दारावर लिहून लावावेत.

पाठ पक्का झाला, म्हणजे थोरल्याचा खरा उपयोग सुरू होतो. दोघांना काही अंतरावर उभे करून प्रथम थोरल्याचे नाव घेऊन ‘बैठ’ म्हणावे आणि तो बसताच त्याला खाऊ द्यावा. मग पिल्लाचे नाव घेऊन तीच आज्ञा द्यावी. थोरल्याचा मान राहतो, पिल्लाला उदाहरण मिळते आणि आपली पाळी येईपर्यंत थांबण्याचा संयमही दोघांच्या अंगी येतो. मलमूत्राची जागा शिकविण्यात तर थोरल्याची फारच मदत होते. कारण एकाने ज्या जागी लघवी केली, तेथे दुसऱ्यालाही वासामुळे प्रवृत्ती होते. तरीही झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर व खेळ संपल्यावर पिल्लाला प्रत्येक वेळी माणसानेच त्या जागी न्यावयाचे असते.

नको ते पाठ

दाराची घंटा वाजताच थोरला धावत जाऊन भुंकत असेल, तर पिल्लू तेच शिकेल, आणि मग घरात एकाऐवजी दोन भुंकणारे होतील. म्हणून थोरल्याच्या ज्या सवयी मोडावयाच्या आहेत, त्या पिल्लू येण्यापूर्वी दोन-तीन महिने मोडण्याचा प्रयत्न करावा. घंटा वाजताच दाराकडे न धावता ठराविक चटईवर जाऊन बसले, तर खाऊ मिळतो, हे थोरल्यास शिकविता येते. ‘म्हातारा पोपट बोलत नाही’ अशी समजूत असली, तरी निरोगी प्रौढ कुत्रा नवे पाठ उत्तम शिकतो.

भयाचा पाठ याहून गंभीर असतो. अनोळखी गोष्ट समोर येताच पिल्लू तिच्याकडे पाहून लगेच सोबतच्या माणसाकडे किंवा कुत्र्याकडे पाहते. ते घाबरले, तर पिल्लूही घाबरते. भारतात रस्त्यावरील कुत्र्यांची वीण मुख्यतः हिवाळ्यात होते. त्यामुळे दिल्लीतील अनेक पिल्लांचा संस्कारक्षम काळ दिवाळी, लग्नसराईच्या वराती आणि नववर्षाचे फटाके यांच्याशी जुळून येतो. थोरला फटाक्यांना भिऊन थरथर कापत असेल, तर अशा रात्री दोघांना वेगळ्या खोल्यांत, प्रत्येकाजवळ एक माणूस बसवून ठेवावे. खिडक्या लावाव्यात, पडदे ओढावेत आणि पिल्लाशी नेहमीच्या शांत आवाजात खेळावे. घाबरलेल्या थोरल्याला जवळ घेतल्याने त्याचे भय वाढत नाही. त्याला धीरच मिळतो.

थोरल्याचे हक्क

नव्या पिल्लाच्या कौतुकात थोरल्याकडे दुर्लक्ष होते, हे मोठ्या भांडणांचे मूळ असते. त्याचे सांधे दुखत असतील, दृष्टी व श्रवण मंदावले असेल, आणि झोपेत असताना अंगावर उडी मारणारे पिल्लू त्याला शत्रूसारखे भासत असेल. दिल्लीच्या जानेवारीतील कडाक्याच्या थंडीत तर त्याची कंबर अधिकच धरते. जो कुत्रा आयुष्यभर शांत होता, तो पिल्लू आल्यावर चिडका झाला, तर आधी पशुवैद्याकडून वेदनेचे कारण तपासून घ्यावे.

थोरल्यासाठी पिल्लाला जाता येणार नाही असा एक कोपरा राखून ठेवावा. खोलीच्या दाराला लावलेली लाकडी फळी किंवा जाळीही त्यास पुरते. जेवणाच्या वाट्या निरनिराळ्या ठिकाणी ठेवाव्यात व जेवण होताच उचलाव्यात. वाढत्या पिल्लाला अधिक सकस अन्न दिवसातून तीन-चार वेळा लागते. तेच अन्न वृद्ध कुत्र्याने खाल्ले, तर त्याचे वजन वाढून सांध्यांवर भार येतो. चघळण्याची हाडे व खेळणी प्रारंभी माणसाच्या देखरेखीखालीच द्यावीत. घरात कोणी नसताना पहिले काही महिने दोघांना एकत्र सोडू नये.

रोज निदान एक फेरी थोरल्याची एकट्याची असावी. उन्हाळ्यात दिल्लीचे तपमान ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जाते आणि डांबरी रस्ता त्याहून कितीतरी अधिक तापतो. कुत्र्याला घाम केवळ पंजांच्या तळव्यांना येतो. शरीर थंड ठेवण्याचे मुख्य साधन म्हणजे धापा टाकणे. हाताची पालथी बाजू रस्त्यावर पाच सेकंद टेकवता आली नाही, तर तो रस्ता कुत्र्याच्या पायांसाठी नव्हे, असे समजावे. मे-जूनमध्ये दोघांचीही फेरी पहाटे व रात्रीच ठेवावी. पावसाळ्यात गोचीड एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर जातात व गोचीड-ताप आणतात, म्हणून औषध दोघांनाही एकाच वेळी लावावे.

वर्ष उलटल्यावर

चौथ्या महिन्यापासून पिल्लाचे दुधाचे दात पडू लागतात आणि साधारणतः सातव्या महिन्यापर्यंत ४२ कायमचे दात येतात. सहाव्या महिन्यानंतर ते वयात येऊ लागते. आतापर्यंत थोरल्याने ‘पोर आहे’ म्हणून दिलेली सूट या सुमारास संपते. धाकटाही थोरल्याची जागा, खाऊ आणि माणसाजवळील स्थान यांवर हक्क सांगू लागतो. पूर्वी शिकलेल्या आज्ञा विसरल्यासारखे वागणे हेही या वयाचे लक्षण होय. घरातील माणसे याच वेळी धीर सोडतात. वस्तुतः पहिल्या महिन्यांचे पाठ पुन्हा थोडे थोडे, एकेकट्याने, घेण्याची हीच वेळ असते. नसबंदीची योग्य वेळ पशुवैद्याच्या सल्ल्याने ठरवावी. एक नर व एक मादी असेल, तर तिला उशीर करून चालत नाही.

धीर सोडणाऱ्या माणसांपुढे सर्वांत सोपा वाटणारा मार्ग म्हणजे धाकट्याला ‘जेथून आणले तेथे’ सोडून देणे. पण ती जागा आता त्याची राहिलेली नसते. घरात वाढलेल्या कुत्र्याला गल्लीतील गट स्वीकारीत नाही. त्याला वाहनांची सवय नसते व अन्न कोठे मिळते ते ठाऊक नसते. प्राण्याला उपासमार व तहान यांच्या तोंडी टाकून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यान्वये अपराध आहे. दिल्ली महानगरपालिकेच्या १९५७ च्या कायद्यात पाळीव कुत्र्याच्या नोंदणीची तरतूद आहे. राजधानीच्या परिसरातील भटक्या कुत्र्यांविषयी सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी दिलेल्या आदेशात रस्त्यावरील कुत्रा दत्तक घेण्याची मुभा आहे. पण तो पुन्हा रस्त्यावर येणार नाही, ही जबाबदारी घेणाऱ्यावर ठेवली आहे.

म्हणून पिल्लू आणण्यापूर्वीच घरातील सर्वांनी काही प्रश्नांची उत्तरे शोधावीत. पिल्लाला रोज एकट्याने शिकविण्यास अर्धा तास कोण देईल ? थोरल्याला एकट्याने फिरावयास कोण नेईल ? दोघांचा औषधपाण्याचा खर्च झेपेल काय ? थोरल्याची प्रकृती नव्या सोबत्याला सोसण्याजोगी आहे काय ? उत्तरे समाधानकारक नसतील, तर काही काळ थांबणे हेच दोन्ही प्राण्यांच्या हिताचे असते. ती समाधानकारक असतील आणि पहिले वर्ष नेटाने पार पाडले, तर थोरल्याचे उतारवय सोबतीत जाते. त्याच्या चांगल्या सवयी धाकट्याच्या अंगी उतरतात. आणि थोरला गेल्यानंतरही माणसाच्या हाकेला ओ देणारा, आपल्या पायांवर उभा असलेला एक शहाणा कुत्रा त्या घरात राहतो.